बांधावरची पाखरं कुठे गेली, हे स्वतः कसं शोधाल?

पाखरं कमी झाली म्हटलं की गावात पहिलं बोट मोबाइलच्या टॉवरकडे जातं. उपायही ठरलेला: अंगणात वाटीभर तांदूळ आणि पाण्याचं मडकं. पाणी ठेवाच, पण तांदळावर पिल्लं वाढत नाहीत. चिमणी, सुगरण हे दाणे टिपणारे पक्षीसुद्धा पिल्लांच्या चोचीत अळ्या-किडे भरवतात. म्हणून शोध किड्यांपासून सुरू करायचा. आपल्या कापूस-केळीच्या पट्ट्यात हे एका खरिपात जमतं. लागतं काय, तर एक वही, एक जुनं पांढरं धोतर आणि एक बल्ब.

आधी रात्रीचं काम. अमावस्येच्या आसपास, वारा पडलेला असताना, दोन बांबूंना धोतर ताणून बांधा आणि समोर बल्ब लावा. वेळ साडेसात ते साडेआठ. प्रत्येक किड्याचं नाव यायला हवं असं नाही. पतंग, भुंगेरे, तुडतुडे आणि बाकी, एवढे रकाने पुरेत. दर 15 मिनिटांनी कापडाचा फोटो काढा, मोजणी घरी बसून करा. जागा दोन निवडा: एक कापसाच्या मधोमध, दुसरी नाल्याकाठी, जिथे बाभळी-हिवर अजून उभे आहेत. शेजारचा विचारणारच, "काय मोजी ऱ्हायना भाऊ?" त्याला बसवून घ्या, दुसऱ्या कापडापाशी माणूस हवाच असतो. तास झाला की बल्ब बंद. रात्रभर दिवा राहिला तर पतंग त्याच्याभोवती फिरून दमतात आणि सकाळी कावळ्यांचं फावतं. खळ्यावरच्या मोठ्या फोकसखाली हेच रोज घडतं.

मग सकाळी त्याच दोन जागी 15-15 मिनिटं बसा. कोतवाल, बुलबुल, दयाळ, वटवट्या, वेडा राघू, जे दिसेल ते लिहा; मुख्य म्हणजे चोचीत काय आहे ते लिहा. मी पाहिलेला एक शिंपी वांग्याची पानं शिवून केलेल्या घरट्याकडे दर काही मिनिटांनी हिरवी अळी घेऊन येत होता. ती अळी त्या वांग्यावरची होती की बांधावरची, ते कळलं नाही. पण अळी मिळाली नसती तर घरटं रिकामंच झालं असतं.

किडे आणि पाखरांनंतर वहीत तिसरी नोंद फवारणीची, आणि खरी गोम इथेच आहे. तारीख, औषध, कशासाठी मारलं, सगळं लिहा. वटवट्या आणि सुगरणीची वीण पावसाळ्यातली, आणि कापसावर रसशोषक किडींसाठी पंप सुटतो तोही तेव्हाच. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस 2002 मध्ये आला, पण ते विष मावा-तुडतुड्यांवर चालत नाही; ती फवारणी राहिलीच. शिवाय बियाण्याची थैली वाचा. रंगीत सरकीवर बहुतेकदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथॉक्झाम हे कीटकनाशक चोळलेलं असतं. त्यातलं थोडंच रोपात जातं, बरंचसं माती-पाण्यात उरतं. नेदरलँड्समध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या भागातल्या पाण्यात लिटरमागे 20 नॅनोग्रॅमपेक्षा जास्त इमिडाक्लोप्रिड होतं, तिथे किडे खाणारे पक्षी वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांनी घटत होते. आकडे तिकडचे, औषध मात्र आपल्याही दुकानात मिळतं.

सगळा दोष फवारणीवर टाकून मोकळं होऊ नका. जर्मनीत 63 संरक्षित जागी 27 वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं वजन 75 टक्क्यांहून अधिक घटलं. संरक्षित जागी, हे लक्षात घ्या. आपल्याकडे बांधही गेले. आहेत ते तणनाशकाने पिवळे पडतात किंवा उन्हाळ्यात पेटवले जातात. रुईचंच बघा: काळ्या टोकांच्या नारिंगी पंखांचं ते नेहमीचं फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. रुई तोडली की त्याची पुढची पिढी गेली.

आता करायचं काय? सगळ्या शेतातली फवारणी एकदम थांबवा असं मी म्हणणार नाही. त्यात घर बुडतं. एक बांध सोडा. तिथे रुई, आघाडा, बोर, एकदांडी येऊ द्या. कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ शेंदरी बोंडअळीचे पतंग आले, तरच त्या अळीसाठी औषधाचा विचार करा. पहिला हात 5 टक्के निंबोळी अर्काचा. दोन-तीन औषधं एका पंपात कालवू नका. मधे मधे टी आकाराचे पक्षी थांबे रोवा. कोतवालाला उंचावर बसून शिकार करायला आवडतं, आयती जागा मिळते.

फरदड, म्हणजे वेचणीनंतरही पुढे लांबवलेलं पीक, न ठेवता डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढा, बोंडअळीसाठी ते गरजेचंच आहे. मात्र सोडलेल्या बांधावरचं वाळलं गवत पेटवू नका. त्या काड्यांत आणि खालच्या मातीत पुढच्या मृगानंतर धोतरावर मोजायचे किडे अंडी-कोष होऊन पडलेले असतात.