पोर्तुगालमध्ये पालिकेचं मतदान: या चुका टाळा

१२ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी पोर्तुगालच्या सगळ्या ३०८ पालिका आणि त्यांच्या पोटातल्या तीन हजारांहून जास्त फ्रेगेझिया (वस्तीपातळीवरच्या छोट्या संस्था) यांचं मतदान एका दिवसात उरकलं. दर चार वर्षांनी असंच होतं. तारीख सरकार ठरवतं, पण आताच्या कायद्यानं २२ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर या पट्ट्यातच ठरवावी लागते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून मतदानाला जानेवारी २०२६ उजाडलेला ज्यांनी पाहिला, त्यांना हेवाच वाटेल.

एवढी सुटसुटीत व्यवस्था असूनही आपल्याकडच्या सवयी घेऊन तिच्याकडे पाहिलं की घोळ होतो. तिथे राहायला गेलेल्यांचा होतो, आणि इथे बसून बातमी वाचणाऱ्यांचाही.

मतपत्रिकेवर माणूस शोधणे

मतदाराच्या हातात तीन कागद पडतात. हिरवा कागद कामरा म्युनिसिपालचा, म्हणजे पालिकेच्या कार्यकारी मंडळाचा. पिवळा पालिकेच्या सभेचा, पांढरा फ्रेगेझियाच्या सभेचा. तिन्हींवर पक्षाचं किंवा आघाडीचं नाव, आद्याक्षरं आणि चिन्ह. उमेदवाराचं नाव कुठेच नाही! रस्त्यावरच्या फलकांवर महिनाभर ज्याचा चेहरा पाहिला, तो इथे गायब. कारण मत यादीला असतं, आणि यादीतला क्रम पक्षानं आधीच लावलेला असतो. तो तुम्हाला बदलता येत नाही. अपक्षांनाही नागरिकांचा गट करून यादीच द्यावी लागते. रुई मोरेरा यांनी २०१३ मध्ये पोर्तु शहर जिंकलं ते अशाच यादीवर.

आपल्याकडे थेट सरपंच, थेट नगराध्यक्ष हा खेळ चालू-बंद होत असतो. तिथे थेट अध्यक्ष असं वेगळं मतच नाही. हिरव्या कागदावर ज्या यादीला सर्वांत जास्त मतं, तिच्यातलं पहिलं नाव आपोआप अध्यक्ष. बहुमत लागत नाही, सभागृहात पुन्हा निवडणूक नाही, फोडाफोडी नाही.

याचा पुढचा भाग बातमीदार हमखास चुकवतात. मंडळाच्या जागा द'ओंत नावाच्या पद्धतीनं मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात, म्हणून कार्यकारी मंडळातच विरोधक बसलेले असतात. २०२१ मध्ये लिस्बनमध्ये मध्य-उजव्या आघाडीचे कार्लुश मुएदाश जिंकले, तेव्हा १७ जणांच्या मंडळात त्यांच्या आघाडीचे ७ होते. समाजवादी ७, कम्युनिस्ट आघाडी २ आणि डावा गट १. म्हणजे अध्यक्ष एका बाजूचे, बहुमत दुसऱ्या बाजूचं, आणि कारभार पूर्ण चार वर्षं. ‘अमुक पक्षाची लिस्बनवर सत्ता’ असा मथळा दिसला की आधी जागा मोजा.

अध्यक्ष मध्येच गेले तरी सहसा पोटनिवडणूक होत नाही, यादीतलं पुढचं नाव वर सरकतं. पुढे पोर्तुगालचे पंतप्रधान झालेले आंतोनियु कॉश्ता यांनी २०१५ मध्ये लिस्बनचं अध्यक्षपद सोडलं तेव्हा उपाध्यक्ष फर्नांदु मेदिना खुर्चीत बसले, मतदान झालंच नाही. कॉश्ता हे नाव गोव्यात नव्यानं सांगायला नको. वडील ओरलांदु द कॉश्ता मडगावात वाढलेले, मुलाचं घरचं नाव ‘बाबुश’. आंतोनियु यांची लिस्बनमधली सुरुवात मात्र २००७ च्या मध्यावधी मतदानातून झाली, आणि ते मतदान फक्त हिरव्या कागदाचं होतं. पालिकेची सभा जुनीच राहिली आणि तिथे विरोधकांचं बहुमत होतं.

पांढऱ्या कागदाला किरकोळ समजणे

फ्रेगेझियाचं भाषांतर ‘धर्मग्राम’ किंवा ‘पॅरिश’ असं केलं की वाचकाला वाटतं चर्चचा कारभार आहे. मूळ चर्चचंच, पण आज ती शुद्ध नागरी संस्था आहे: वस्तीतले रस्ते-बागा, दफनभूमी, रहिवासाचे दाखले. ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणा, फक्त ती शहराच्या मध्यभागीही असते. आणि ‘म्युनिसिपालिटी’ म्हणजे शहर असंही नाही. तिच्या हद्दीत शेतं, डोंगर, खेडी सगळं येतं. गोव्यात पोर्तुगीजकाळी बार्देश, सासष्टी हे ‘कोंसेल्यु’ होते आणि त्यांचेच तालुके झाले, तोच हा शब्द. वर जिल्हा परिषद शोधू नका. मुख्य भूमीवर निवडून आलेला मधला थर नाही, १९९८ च्या सार्वमतात लोकांनी तो नाकारला.

पांढरा कागद दुहेरी काम करतो. फ्रेगेझियात जिंकलेल्या यादीचा पहिला माणूस तिथल्या जुंताचा (फ्रेगेझियाच्या कार्यकारी मंडळाचा) अध्यक्ष होतो, आणि असे सगळे अध्यक्ष पदसिद्ध म्हणून पालिकेच्या सभेत जाऊन बसतात. पालिकेचा अर्थसंकल्प हीच सभा मंजूर करते. म्हणजे पिवळ्या कागदावर ठरलेलं गणित पांढऱ्यावर हलू शकतं.

जिथे मतदार १५० किंवा त्याहून कमी, तिथे सभा निवडतच नाहीत, सगळे मतदार मिळून बसतात. आणि अझोरेसमधल्या कोर्वु बेटावर पालिका आहे पण फ्रेगेझियाच नाही, त्यामुळे तिथे कागद दोनच.

पत्ता न बदलता राहणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पोर्तुगीज नागरिकाची नोंदणी आपोआप होते, पण ती नागरिक कार्डावरच्या पत्त्यावर. ब्रागाहून लिस्बनला घर हलवलं आणि कार्ड तसंच ठेवलं, तर मत ब्रागालाच. मतदानाच्या साठ दिवस आधी यादी गोठते, मग धावपळ करून उपयोग नाही. त्यात २०१३ मध्ये सुमारे ४,२६० फ्रेगेझियांच्या ३,०९२ केल्या होत्या आणि २०२५ मध्ये जोडलेल्यांपैकी काही फोडून ३०२ पुन्हा वेगळ्या झाल्या. घर तेच, पण फ्रेगेझिया बदललेली असू शकते. म्हणून मागच्या वेळच्या शाळेत थेट जाऊ नका. ३८३८ या क्रमांकावर फुकट एसएमएस पाठवून केंद्र कळतं: ‘आरई’ ही दोन रोमन अक्षरं, जागा सोडून कार्ड क्रमांक, पुन्हा जागा सोडून जन्मतारीख, वर्ष आधी.

संसदेच्या निवडणुकीत आठवडाभर आधी देशात कुठेही मत देता येतं. पालिकेला ती सोय नाही. आधी मत देण्याची मुभा रुग्णालयात असलेले, कैदी, कामानिमित्त बाहेर असलेले, घरापासून दूर शिकणारे विद्यार्थी अशा ठरावीक लोकांनाच.

पासपोर्ट आहे म्हणजे मत आहे

पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडमधल्या स्विंडनला स्थायिक झालेल्या गोवेकरांना हा प्रश्न पडतो. परदेशातल्या पत्त्यावर नोंद असलेल्यांना संसद आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी मत आहे, पालिकेला नाही. नियम रास्त आहे: जिथला कचरा तुम्ही टाकत नाही, तिथली घंटागाडी तुम्ही का ठरवायची? उलट पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यातल्या करारामुळे त्यांना स्विंडनच्याच कौन्सिलला मत देता येतं, आणि ते वाया घालवणारेच जास्त भेटतात.

याच्या उलट बाजूची चूक पोर्तुगालमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांची. परदेशी नागरिक मत देऊ शकतात हे खरं, पण परस्पर मताधिकार असलेल्या देशांचेच. युरोपीय संघाचे नागरिक, दोन वर्षं राहिलेले ब्राझील आणि केप व्हर्दचे, तीन वर्षं राहिलेले आणखी काही देशांचे. त्या यादीत भारत नाही. दक्षिणेतल्या ओदेमीराच्या हरितगृहांत दहा वर्षं राबलात तरी नाही. आणि ज्यांना हक्क आहे त्यांचीही नोंद आपोआप होत नाही, जुंतात जाऊन करावी लागते.

निकालाला ‘फक्त पालिकेचा’ म्हणणे

१६ डिसेंबर २००१ च्या रात्री पालिकांत मोठा पराभव झाला आणि पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ते आंतोनियु गुतेरेश, पुढे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले. कायद्यानं काहीच बंधन नव्हतं.

‘सलग तीन कार्यकाळांनंतर अध्यक्ष बाद’ हा नियमही अर्धाच वाचू नका. २०१३ मध्ये घटना न्यायालयानं ठरवलं की ही बंदी त्याच पालिकेपुरती आहे. मुरलेले अध्यक्ष शेजारच्या पालिकेत उभे राहू लागले.

केंद्रावर

खूण फुलीचीच, चौकटीत. रेषा थोडी बाहेर गेली म्हणून मत बाद होत नाही, पण कागदावर शेरा लिहिला तर होतं. कागद खराब झाला तर घडी घालून पुढे जाऊ नका, परत द्या, दुसरा मिळतो. कोरा कागद टाकून निषेध नोंदवता येतो, पण जागावाटपात तो धरत नाहीत. कार्ड घरी राहिलं तर परत फिरू नका: फोटो असलेला दुसरा दस्तऐवज चालतो. तोही नसेल, तर रांगेतल्या दोन मतदारांनी शपथेवर ‘हो, याला आम्ही ओळखतो’ असं सांगितलं तरी तिन्ही कागद हातात मिळतात.