चंपाषष्ठीची तळी: घरच्या घरी कशी भरायची

मार्गशीर्ष जवळ आला की आमच्या सांगलीकडच्या नात्यातल्या पोरी-सुनांचे फोन सुरू होतात, काकू तळी कशी भरायची, सासूबाई गावी आहेत आणि आम्ही इथं फ्लॅटमधे, भटजी सांगायचा का. तर भटजी लागत नाही. तळी भरणं म्हणजे ताम्हनात पानसुपारी, खोबरं, हळद ठेवून सगळ्यांनी मिळून खंडोबाच्या नावाचा गजर करत ते उचलायचं. खंडोबा हा घरातल्या माणसांनी मिळून करायचा देव आहे, सामान थोडं लागतं पण ते खरं लागतं आणि माणसं एकत्र लागतात, एवढं जमलं तर बाकीचं इकडं तिकडं झालं तरी चालतं.

आधी पोरांना गोष्ट सांगा, नाहीतर त्यांना नुसती हळद उधळायची मजा वाटते. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य भाऊ, ऋषींच्या आश्रमांची नासधूस करायला लागले, तेव्हा शंकरानं मार्तंड भैरवाचं रूप घेतलं, तोच आपला खंडोबा, आणि सहा दिवस युद्ध केलं, शेवटी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला मल्लाचा वध झाला, तीच चंपाषष्ठी. मणी मात्र मरताना शरण आला, त्यानं आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि देवापाशी जागा मागून घेतली. मला ह्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात आवडतो, की ज्याच्याशी लढला त्यालाही देवानं जवळ ठेवलं. आणि घर बघा त्याचं, म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची, मुसलमान भक्त त्याला मल्लूखान म्हणत आलेत. म्हणून तर वाडीवस्तीवर कुणालाही विचारा, खंडोबा आपलाच वाटतो.

आता घट. देवदिवाळीला म्हणजे शुद्ध प्रतिपदेला बसवायचा आणि षष्ठीला उठवायचा. पाटावर धान्याची रास, त्यावर तांब्याचा कलश, विड्याच्या पानावर देवाचे टाक म्हणजे देवाची मूर्ती उठवलेले धातूचे छोटे पत्रे, शेजारी सहा दिवस नंदादीप आणि रोज एक फुलांची माळ. काहीजण माती घालून धान्य पेरतात, काहीजण नाही, तुमच्या घरची रीत असेल ती करा. दवणा मिळाला तर जरूर आणा, देवाला फार आवडतो, नाहीतर बेल आणि झेंडू आहेच. नोकरीमुळं घट जमत नसेल तर नुसती षष्ठीची तळी भरा, त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

भंडाऱ्याबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार. भंडारा म्हणजे हळद, पण हल्ली देवळाबाहेर स्वस्तातली जी पिवळी पावडर मिळते ती कपाळाला लावली की चुरचुरते, डोळ्यात गेली की डोळे लाल होतात आणि कपड्यावरचा डाग काही केल्या निघत नाही. अहो आपण हळदीच्या पेठेत राहणारी माणसं, २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची आपली जुनी रीत, आणि देवाला असलं रंगाचं पीठ उधळायचं? किराणा दुकानातनं हळकुंडं आणून गिरणीतनं दळून घ्या, पाव किलोत घरचं सगळं भागतं. दळलेली विकत घेतलीत तर एक ग्लास पाणी घ्या, त्यात चमचाभर टाका आणि न ढवळता ठेवून द्या. चांगली हळद हळूहळू तळाला बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेली असेल तर पाणी गडद पिवळं होऊन जातं. तसं झालं तर ती देवापुढंही नको आणि भाजीतही नको.

नैवेद्याला वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, कणकेचा रोडगा म्हणजे भाजलेला जाड गोळा, ठोंबरा, पातीचा कांदा आणि लसूण. चातुर्मासात कांदा लसूण वांगं बंद ठेवलेली घरं ह्याच दिवशी परत सुरू करतात त्यामुळं भरीताला एक वेगळीच गोडी असते. वांगी कृष्णाकाठची मिळाली तर सोन्याहून पिवळं. वांग्याला तेलाचा हात लावायचा, दोन-तीन ठिकाणी सुरी टोचायची नाहीतर फुटतं, आणि बारीक आचेवर देठापर्यंत मऊ होईस्तोवर फिरवत राहायचं, साल काळी होऊन सुटायला लागली की झालं. सोलून हातानंच कुस्करा, मिक्सर नको, मग हिरवी मिरची लसणाचा ठेचा, चिरलेली कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ आणि वरनं कच्चं तेल. ठोंबरा म्हणजे कांडलेला जोंधळा मऊ शिजवून त्यात दही मीठ. रोडगा निखाऱ्यावर खरा लागतो पण गॅसवर जाड तव्यात झाकण ठेवून मंद आचेवर केला तरी आतपर्यंत भाजतो, घाई केली की मधे कच्चा राहतो. आणि नैवेद्यातला एक घास कुत्र्याला आधी, कुत्रा खंडोबाच्या सोबतीचा आहे हे विसरू नका.

आता तळी. ताम्हनात पाच विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी, भंडारा, एक नाणं, आणि तुमच्यात रीत असेल तर देवाचा टाक. खाली घोंगडी अंथरायची, मधे टोपी किंवा फेटा ठेवायचा, दिवटी म्हणजे खंडोबाची छोटी मशाल पेटवायची, दिवटी नसेल तर निरांजन चालेल. पाच जणं गोल बसा, तीन किंवा सात चालतात, विषम आकडा हवा. आमच्यात आता मुलीपण बसतात आणि बसावंच असं माझं ठाम मत आहे, देव म्हाळसा-बाणाईला सोडून एकटा कधी राहिलाय का. सगळ्यांनी ताम्हनाला हात लावायचा आणि एकानं मोठ्यानं म्हणायचं, हर हर महादेव, चिंतामणी मोरया, आनंदीचा उदे उदे, भैरोबाचं चांगभलं, सदानंदाचा यळकोट, मग सगळ्यांनी एका दमात यळकोट यळकोट जय मल्हार म्हणत ताम्हन वर उचलायचं. असं तीनदा, तिसऱ्या वेळी कपाळापर्यंत नेऊन मग खाली त्या टोपीवर टेकवायचं. पुटपुटू नका हो, शेजारी काय म्हणतील म्हणून हळू आवाजात तळी भरणारी माणसं बघितली की वाईट वाटतं, वर्षातनं एकदा आहे, दणकून होऊ द्या. मग देवाला भंडारा वाहायचा, एकमेकांच्या कपाळाला लावायचा, खोबरं फोडून वाटायचं आणि थोडं भंडाऱ्यासोबत उधळायचं. घरात नवीन लग्न झालेलं जोडपं असेल तर जागरण वेगळं, त्याला वाघ्या-मुरळी म्हणजे खंडोबाची गाणी म्हणणारे त्याचे भक्त बोलवावे लागतात, ते ह्या तळीत धरू नका.

नंतर पौषात पालीला जाऊन या. सातारा जिल्ह्यात उंब्रजजवळ, तारळी नदीकाठी, पालाई गवळणीच्या भक्तीसाठी देव तिथं आला अशी कथा सांगतात, आणि पौषात तिथं खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं. यात्रेच्या दिवशी नदीच्या पात्रात मुंगी शिरायला जागा नसते, त्यामुळं लहान पोरं आणि म्हाताऱ्यांना घेऊन एरवीच्या एखाद्या रविवारी गेलेलं बरं. गर्दीतच जायचं असेल तर जुने कपडे घाला, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि खोबऱ्याची अख्खी वाटी फेकू नका, कुणाच्या तरी डोक्यात बसते, घरनंच बारीक तुकडे करून न्या.