क्लॅरिबेलचं गाणं पेटीवर कसं बसवायचं

आमच्या दारव्ह्याकडच्या गावात पियानो नाही, भजनी मंडळाची पेटी आहे. तिच्यावरच मी पोरींना जुन्या इंग्रजी घरांच्या दिवाणखान्यात गायची गाणी शिकवते. साध्या गळ्यासाठीच ती लिहिलेली, म्हणून आपल्या पोरींना छान जमतात.

सुरुवात १८६६च्या ‘कम बॅक टू एरिन’नं करा. ते शार्लट बार्नार्ड यांचं. त्यांनी शंभरच्या आसपास गाणी केली, पण छापली ‘क्लॅरिबेल’ या नावानं, तेव्हा शोधतानाही तेच नाव टाका. त्या १८६९ साली वारल्या, त्यामुळे जुनं छापील नोटेशन इंटरनेटवर फुकट मिळतं.

आता सा शोधायचा. ओळीच्या सुरुवातीला तीव्राच्या (♯) खुणा असतील तर सगळ्यात उजवीकडची खूण म्हणजे नी, त्याच्या लगेच वरचा सूर सा. कोमलाच्या (♭) असतील तर उजवीकडची शेवटची खूण म्हणजे म, तिथून खाली मोजत सा गाठा. एकच तीव्र खूण असेल तर सा पांढरी पाचवर (इंग्रजी G) येतो. एकही खूण नसेल तर पांढरी एक (इंग्रजी C). अशी गाणी बहुतेक बिलावलच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांत असतात. एकदा सरगम लिहून काढली की छापलेली पट्टी विसरा. पोरीला वरचा सूर ताणावा लागत असेल तर पट्टी खाली आणा, कागदासाठी गळा फाडायचा नाही.

खरी अडचण डाव्या हाताची. पियानोत तो साथ वाजवतो, आपल्याकडे तो भात्यावर असतो. शिवाय पियानोचा सूर वाजला की विरत जातो, पेटीचा दाबून धरला तोवर वाजतच राहतो. म्हणून साथीतले सुटे सुटे सूर जसेच्या तसे वाजवले की नुसता कालवा होतो. उजव्या हातानं चाल धरा, आणि ओळ जिथे थांबते तिथे सा-ग-प एकत्र दाबून लगेच सोडा. दुसरी पेटी मिळाली तर तिच्यावर खालचे सा, म, प एवढेच द्या. भाता कवितेच्या स्वल्पविरामाला हलका करा. पोरगी श्वास तिथेच घेते. तबला, खंजिरी नकोच.

अर्थ आधी सांगा: एरिन म्हणजे आयर्लंड, आणि दूर गेलेल्या प्रिय माणसाला ‘घरी ये’ अशी ही हाक आहे. आमच्याकडे मुंबई-पुण्याला गेलेलं कोणी नाही असं घर नाही, त्यामुळे पोरींना हे लगेच कळतं.

गॅदरिंगला निवेदन करणाऱ्याला मात्र बजावून ठेवा. हे आयरिश लोकगीत म्हणून खपवलं जातं. बाई इंग्लंडच्या, लिंकनशायरमधल्या लाउथ गावच्या. त्यांचं नाव पूर्ण घ्यायचं, गाणं सुरू व्हायच्या आधी.