टॉमस रोचं चरित्र लिहायचं तर आधी तारखा लावा

इंग्लंडच्या राजाचा राजदूत सर टॉमस रो म्हटलं की जहांगीरचा दरबार आठवतो आणि बहुतेक मराठी लेख तिथेच अडकतात. भारतात तो जेमतेम साडेतीन वर्षं होता. त्याआधी १६१० ची दक्षिण अमेरिकेतली गयाना मोहीम, १६१४ मध्ये टॅमवर्थमधून पार्लमेंट. नंतर १६२१ ते १६२८ इस्तंबूलची वकिली, १६४० मध्ये पार्लमेंटात ऑक्सफर्ड विद्यापीठाचा प्रतिनिधी, १६४४ मध्ये मृत्यू. हा सांगाडा आधी एका पानावर मांडा.

मग वहीत चार रकाने आखा: मूळ नोंदीतली तारीख, दुरुस्त तारीख, ठिकाण, आधार. सगळा घोळ दुसऱ्या रकान्यात होतो. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग चालत असे आणि वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे जहांगीरची पहिली भेट १० जानेवारी ‘१६१५’ अशी दिसली तरी आपल्या हिशेबाने ते १६१६ साल. आजच्या पद्धतीची, म्हणजे ग्रेगोरियन, तारीख हवी तर १० दिवस मिळवा, २० जानेवारी. ही बेरीज एकदाच करा आणि कोणती पद्धत धरली ते पहिल्याच टिपेत सांगा. शिवराज्याभिषेकाची ६ जून ही तारीखही ज्युलियनच आहे, हे ठाऊक असणारा वाचक इथली चूक लगेच पकडतो.

आता मार्ग. रो ३० ऑक्टोबर १६१५ ला सुरतेहून निघाला, १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपूर, २३ डिसेंबरला अजमेर. वाट तापीच्या बाजूने, नंदुरबारवरून. आजची सुरत-भुसावळ रेल्वे साधारण त्याच पट्ट्यातून जाते. नाशिकच्या व्याख्यानासाठी त्याला गोदाकाठी आणण्याचा मोह टाळा.

आधार म्हणून विल्यम फॉस्टरने संपादित केलेली रोजनिशी घ्या: १८९९, दोन खंड, इंटरनेट अर्काइव्हवर मिळते. ‘सावाना’त (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसून काम करणार असाल तर पानं आधीच उतरवून न्या. रोजनिशीचं हस्तलिखित फेब्रुवारी १६१७ ला थांबतं. पुढचं वर्षभर प्रवासवर्णनांचा तत्कालीन इंग्रज संकलक पर्चस याने छापलेल्या उताऱ्यांवर निभावतं, त्यानंतर फक्त पत्रं. १६१८ च्या घटनेला ‘रोजनिशीत म्हटले आहे’ लिहिलंत की टीप खोटी ठरते.

पत्रं वाचताना ती कुणाला लिहिली आहेत ते चौथ्या रकान्यात टाका. रो राजाचा वकील, पण वर्षाचे ६०० पौंड ईस्ट इंडिया कंपनी देत होती. म्हणून कंपनीपुढे तो काटकसर मिरवतो, इतरत्र मानापमान. त्याला फारसी येत नव्हती, त्यामुळे दरबारातलं प्रत्येक संभाषण दुभाष्याच्या तोंडून आलेलं आहे. बादशहाचे शब्द अवतरणचिन्हांत घालू नका. जहांगीरच्या आत्मचरित्रात रोचा उल्लेखच नाही, तेव्हा पडताळायला दुसरी बाजू तिथून मिळणार नाही. रोचा पाद्री एडवर्ड टेरी याचं प्रवासवर्णन उपयोगी आहे, पण टेरी नंतर येऊन मिळाला. अजमेरच्या पहिल्या भेटीला त्याची साक्ष लावू नका.