भेट द्यायचा मफलर: सोपी वीण, नीट कडा

दोन सुयांवर विणायला मफलरइतकी सोपी वस्तू नाही. ना गळा, ना बाह्या, ना टाके वाढवणं-घटवणं. सगळ्या ओळी सुलट विणायच्या. या विणीत मफलर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो आणि कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट ही वीण दिसायला गुळगुळीत असली तरी मफलरसाठी नको. तिच्या कडा गुंडाळल्या जातात आणि अख्ख्या मफलरची नळी होते. मधला भाग कुणाचाही बरा येतो. हात नवखा असल्याचं कडा सांगतात, म्हणून खरी मेहनत तिथे घ्यायची.

लोकर 10 प्लायची, मध्यम जाड घ्या. 100 ग्रॅममध्ये साधारण 160 ते 180 मीटर भरते ती. एका मफलरला 200 ग्रॅम पुरते. सगळे गुंडे एकदमच घ्या आणि लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर जुळवून पाहा. वेगळ्या लॉटचा फरक गुंड्यावर दिसत नाही, पण विणल्यावर आडवा पट्टा उठून दिसतो. रंग फिकट, धागा गुळगुळीत हवा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि केसाळ लोकर चुकली तर धड उसवता येत नाही. ज्यांना द्यायचा त्यांना लोकरीने खाज सुटते का, हे आधी काढून घ्या. सुटत असेल तर अ‍ॅक्रिलिक किंवा सुती धागा घ्यावा. सुया 5 मिमीच्या, शक्यतो लाकडी किंवा बांबूच्या. धातूच्या सुईवरून टाके पटकन घसरतात.

या लोकरीचे 10 सेंमीला सुमारे 18 टाके बसतात, म्हणजे 32 टाक्यांत 18 सेंमी रुंदी मिळते. हात घट्ट की सैल यावर हा हिशेब बदलतो. म्हणून 20 टाके घालून दहा-बारा सेंमीचा तुकडा विणा आणि मोजा. दीड मीटर लांबीला साधारण 540 ओळी लागतात, म्हणजे 17 हजारांवर टाके. मिनिटाला 18 टाके धरले तरी सोळा तासांचं काम आहे. द्यायची तारीख त्या हिशेबाने धरा.

टाके घालण्यासाठी सुमारे 85 सेंमी धागा मोकळा सोडून सरकफास करा आणि तो सुईवर चढवा. मोकळं टोक डाव्या अंगठ्यावर, गुंड्याकडचा धागा तर्जनीवर घ्या. सुई अंगठ्यावरच्या फासात खालून वर घाला, तर्जनीवरचा धागा पकडून फासातून बाहेर काढा, अंगठा सोडवा आणि हलकेच ओढा. झाला एक टाका. इथे सगळेच जण घट्ट ओढतात आणि मग मफलर सुरुवातीला आवळलेला दिसतो. दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला आणि 32 झाले की एक सुई काढून घ्या. कड आपोआप सैल राहते.

सुलट टाक्याला धागा मागे ठेवायचा. उजवी सुई डावीवरच्या पहिल्या टाक्यात पुढून मागे घाला, तिच्यावरून धागा फिरवा, ती धाग्यासकट पुढे काढा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्या. पहिली ओळ अशी पूर्ण विणा. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक ओळीचा पहिला टाका मात्र विणू नका: धागा पुढे घ्या, उलट विणताना घालतो तशी, म्हणजे उजवीकडून, मागून पुढे सुई घालून टाका नुसता उचला, धागा दोन सुयांमधून मागे न्या आणि पुढचे सगळे सुलट विणा. कडेला वेणीसारखी साखळी तयार होते. तिची एक कडी म्हणजे दोन ओळी, त्यामुळे मोजायलाही सोपं.

दर दहा ओळींनी टाके मोजा. 32 चे 33 किंवा 34 झाले, तर बहुतेक वेळा दोष ओळीच्या सुरुवातीला असतो. धागा सुईवरून मागे ओढला गेला की कडेच्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि दोन टाके असल्यासारखं वाटून दोन्ही विणले जातात. मधेच भोक दिसलं तर तिथे सुईवर धाग्याचा जादा वेढा पडला आहे. टाके कमी झाले तर कुठेतरी टाका सुटला आहे. सुटल्याचं दिसताच त्याला पिन लावा, म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. मग क्रोशाच्या सुईने चढवा: आडवा धागा टाक्याच्या मागे असेल तर सुई पुढून घाला, पुढे असेल तर मागून. या विणीत हे दर ओळीला आलटून-पालटून येतं.

नवा गुंडा ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, दोन्ही टोकं 15 सेंमी ठेवून. गाठ मारू नका. ती टोचते आणि कधीतरी सुटतेच.

ही वीण धुतल्यावर लांबते, म्हणून सुमारे 145 सेंमीला थांबा. टाके बंद करायला उजव्या हातात 5.5 मिमीची सुई घ्या, नाहीतर हे टोक पहिल्यापेक्षा अरुंद होईल. दोन टाके सुलट विणा, पहिला दुसऱ्यावरून ओलांडून सोडा, आणखी एक विणा, पुन्हा ओलांडा. शेवटच्या टाक्यातून धागा ओढून घ्या. मोकळी टोकं बोथट जाड सुईने विणीच्या उठावात पाच-सहा सेंमी नेऊन थोडी उलट फिरवा आणि मगच कापा.

झालर ऐच्छिक. हवी असेल तर आधीच 20 मीटर लोकर बाजूला काढा. प्रत्येक टोकाला दर तिसऱ्या टाक्यात एक असे 11 गोंडे, गोंड्याला 30 सेंमीचे तीन धागे.

अस्सल लोकरीचा मफलर कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घालून पंधरा मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून, कडा सरळ करून वाळवा. दोरीवर टांगलात तर ओल्या वजनाने तो ओढला जाईल. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका. उष्णतेने धागा मरगळतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. धुण्याच्या या सूचना चिठ्ठीवर लिहून भेटीसोबत द्या, आणि उरलेली दोन-तीन मीटर लोकरही. कधी धागा तुटला तर त्याच रंगाने सांधता येईल.