शाब्ली आंबट लागली? आधी या चुका तपासा

शाब्ली या फ्रेंच पांढऱ्या वाइनची पहिली बाटली मी फ्रिजच्या सगळ्यात थंड कप्प्यात रात्रभर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सुरमईच्या तिखट आमटीसोबत ती उघडली आणि दोन घोटांतच ठरवून टाकलं की ही पातळ, आंबट वाइन आपल्यासाठी नाही. दोष वाइनचा नव्हता. काही महिन्यांनी तीच वाइन एका जाणकार स्नेह्यांकडे बेताची गार आणि वाफवलेल्या माशासोबत प्यायले, तेव्हा आपण पहिल्यांदा काय गमावलं ते समजलं. शाब्लीबद्दलच्या बहुतेक तक्रारींमागे अशीच एखादी साधी चूक असते.

आंबटपणाला दोष समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. शाब्ली हे द्राक्षाचं नाव नाही. फ्रान्समध्ये सरँ नदीकाठी त्या नावाचं गाव आहे. द्राक्ष असतं शार्डोने, आणि तेवढं एकच. पण बहुतेक बाटल्यांवर ते छापलेलं नसतं, म्हणून गोंधळ होतो. उबदार प्रदेशातल्या शार्डोनेला पिकल्या अननसाचा, आंब्याचा वास येतो आणि ओकच्या नव्या पिंपात मुरली असेल तर लोणी-व्हॅनिलाची छटाही येते. ती अपेक्षा धरून शाब्ली उघडली तर ती रिकामी वाटणारच.

हा भाग नावाला बर्गंडी या फ्रेंच वाइन-प्रदेशातला, पण बर्गंडीचं केंद्र असलेलं बोन इथून शंभराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला आहे. शँपेन प्रदेशाच्या ओब भागातल्या बागा त्याहून जवळ पडतात. अशा थंडीत द्राक्ष सावकाश पिकतं, साखर बेताची भरते आणि आम्ल टिकून राहतं. बहुतेक वाइनरी दुसऱ्या आंबवणीत मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होऊ देतात, तरीही धार उरते. हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि शेवटी किंचित खारट वाटणारी चव, हीच तिची ओळख.

या थंडीची किंमत तिथले शेतकरी दर वसंतात मोजतात. एप्रिलमध्ये कोवळे कोंब फुटतात आणि नेमकं तेव्हाच दहिवर गोठतं. 2016 आणि 2021 मध्ये या भागाला त्याचा जबर फटका बसला. रात्री पारा शून्याखाली जायला लागला की ओळींमधून मेणाचे डबे पेटवतात. काही बागांत वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या कवचातला कोंब शून्याच्या आसपास राहतो आणि वाचतो. निफाडला पारा उतरला की आपले बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू करतात. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना शाब्लीतल्या त्या रात्री वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. फरक एवढाच की आपल्याकडे तेव्हा वेलीवर घड लटकत असतात, तिथे नुकता कोंब डोळे उघडत असतो.

बर्फासारखी गार करणं

घरचा फ्रिज साधारण 4-5 अंशांवर असतो. तिथून थेट ओतलेल्या शाब्लीचा वास मुका होतो आणि जिभेवर नुसतं आम्ल उरतं. साध्या शाब्लीला 10-11 अंश पुरतात, ग्रां क्रू या सगळ्यात वरच्या श्रेणीला 12-14. मुंबईच्या उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढली तरी भागतं. पेल्यात बर्फ मात्र टाकू नका.

दगडाची चव शब्दशः घेणं

इथली किमरिजियन माती म्हणजे सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाची चुनखडी आणि मार्ल, म्हणजे चुनामिश्रित चिकणमाती. तिच्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या चिमुकल्या कालवांचे जीवाश्म खच्चून भरलेले आहेत. मला ही गोष्ट फार आवडते. पण मुळं त्या शिंपल्यांची चव शोषून बाटलीत आणतात, हे खरं नाही. खडकातून वाइनमध्ये येणारी खनिजं जिभेला कळण्याइतकी नसतात. माती आपलं काम वेगळ्या वाटेनं करते: पाण्याचा निचरा आणि ओल यांचा मेळ राखते.

पायऱ्या न समजता विकत घेणं

पेती शाब्ली म्हणजे छोटी बाटली नव्हे, सगळ्यात खालची पायरी. ती बहुतांशी टेकड्यांच्या वरच्या, पोर्टलँडियन नावाच्या, किमरिजियनपेक्षा नव्या चुनखडीवर पिकते आणि तरुणपणीच प्यायची असते. तिच्यावर शाब्ली, मग प्रमिए क्रू आणि सगळ्यात वर ग्रां क्रू. ग्रां क्रूचे सातही भाग गावासमोरच्या एकाच नैर्ऋत्याभिमुख उतारावर आहेत. ले क्लो हा त्यांतला सगळ्यात मोठा. ही महागडी बाटली घेऊन दोन वर्षांत उघडणं मला खरोखर वाईट वाटतं. चांगल्या वर्षाची ग्रां क्रू दहा वर्षं तरी ठेवावी, मग तिच्यात मध आणि सुक्या मेव्याचा वास उमलतो. पण आपल्या उन्हाळ्यात माळ्यावर किंवा कपाटात नव्हे. थंड साठवण नसेल तर साधी शाब्ली घ्या आणि लवकर संपवा.

ताटातली चूक

मिरचीचा जाळ आणि घट्ट मसाला तिला गिळून टाकतात. कालवं, रव्यात तळलेला रावस, लसूण-लिंबाचे तिसरे, शेळीच्या दुधाचं चीज यांच्याबरोबर ती खुलते. तळणाचा तेलकटपणा तिचं आम्ल कापून काढतं.

बाटली खराब झाली की नाही?

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका, ती टार्टारिक आम्लाच्या क्षाराचीच स्फटिकं. आगकाडीचा किंवा किंचित उकडलेल्या अंड्याचा वास आला तर पेला जोरात फिरवा, बहुधा पंधरा मिनिटांत तो उडतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र उडत नाही. ते खराब बूच, बाटली परत करा. रंग तपकिरी आणि वास कापलेल्या जुन्या सफरचंदासारखा असेल तर हवा शिरलेली आहे. बूच वर ढकललेलं किंवा चिकट दिसलं तर वाटेत बाटलीनं ऊन खाल्लंय. अशी दुकानातूनच उचलू नका.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. तरुण प्रमिए क्रू असेल तर एक पेला मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी ठेवून पाहा. आदल्या रात्री आखडलेली वाइन दुसऱ्या दिवशी पुष्कळदा मोकळी होते.