पहिल्यांदा बूथवर बसणाऱ्यांसाठी

मी पाच निवडणुकांत पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा मतदान केंद्रातला माणूस, म्हणून बसले आहे. त्यातल्या चार वेळा आमचा माणूस पडला, तो भाग वेगळा. यंदा भाचा म्हणाला, "मावशी, मला बसवतायत, करायचं काय असतं?" त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. हे लोकसभा-विधानसभेचं. ग्रामपंचायत, झेडपीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथले कागद वेगळे.

आदल्या रात्री नमुना १०, म्हणजे तुमच्या नेमणुकीचा कागद, हातात घ्या. उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही आहे का ते बघा. सही नसेल तर तुम्हाला आत घेणार नाहीत, आणि पहाटे पाचला उमेदवार फोन उचलत नाही. खाली तुमची सहीही लागते, पण ती घरून करून नेऊ नका. केंद्राध्यक्षांसमोर करायची असते. सोबत मतदारयादी, दोन पेनं, डबा आणि एक फूटपट्टी. पट्टी कशाला म्हणून हसाल, पण दुपारी तीन वाजता बारीक छापलेल्या यादीत ओळ चुकते तेव्हा कळेल. मोबाइल घरीच ठेवा.

मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे मशीन तपासायला घेतलेलं खोटं मतदान, असतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला मतदान ७ वाजता होतं, म्हणजे साडेपाचला शाळेत हजर. तुम्ही आला नाहीत तर पंधरा मिनिटं वाट बघतात आणि सुरू करतात. निदान ५० मतं टाकतात, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कुणी कुठलं बटण दाबलं हे कागदावर लिहीत जा. मग मशीनवर क्लोज, रिझल्ट, क्लिअर. रिझल्टला तुमचा कागद जुळला पाहिजे, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्याही मोजून जुळल्या पाहिजेत. क्लिअरनंतर टोटल दाबून शून्य दिसतंय का ते उठून जवळ जाऊन बघा. बाकावरून दिसत नाही. चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून काढून काळ्या पाकिटात जातात. मशीनच्या हिरव्या कागदी सीलवर तुमची सही घेतात. सही करताना सीलचा नंबर उतरवून घ्या.

दिवसभराचं काम सोपं आणि कंटाळवाणं. पहिला अधिकारी नाव पुकारतो, तुम्ही यादीत खूण करता. वाद घालायची हौस असलेला माणूस इथे बसवू नये असं माझं मत. आक्षेप फक्त ओळखीवर घेता येतो, म्हणजे आलेला माणूस यादीतला तो नव्हेच असं. पोरगं अठराचं वाटत नाही, यावर आक्षेप चालत नाही. यादीत नाव आहे ना, संपलं. आक्षेपाला दोन रुपये रोख भरावे लागतात. उगाच घेतलात तर ते जप्त होतात.

एकदा आमच्या आळीतल्या एक आजी अकराच्या सुमारास आल्या, तर त्यांच्या नावावर आधीच मत पडलेलं. त्या माघारी निघाल्या होत्या. मी केंद्राध्यक्षांना म्हटलं, सर, यांना प्रदत्त मत द्यायला हवं. त्यांनी ओळख पटवून छापील मतपत्रिका दिली, आजींनी शिक्का मारला. ती मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या लिफाफ्यात राहते, नेहमीच्या मोजणीतही धरत नाहीत. तरी नोंद राहते. आपल्याला असं काही मिळतं हे आजींना कुणी सांगितलंच नसतं.

सहा वाजता रांगेत जितके उभे आहेत तितक्यांना चिठ्ठ्या देतात, शेवटच्या माणसापासून पुढे. म्हणजे मागून कुणी घुसत नाही. ते सगळे मत देऊन गेले की क्लोज.

आणि इथेच मी एकदा माती खाल्ली. कार्यकर्त्यांची जीप बाहेर हॉर्न वाजवत होती, मी उठून गेले. नमुना १७-सी ची प्रत घेतलीच नाही. त्यात मशीनचे नंबर, सीलचे नंबर, रजिस्टरमधले मतदार आणि मशीनवरची एकूण मतं असतात, खाली केंद्राध्यक्षांची सही. मतमोजणीला आमच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "तुमचा आकडा किती?" माझ्या यादीतल्या खुणा ६१२, मशीनवर ६१४. टेबलावरचा सरकारी कागद मशीनशी जुळत होता. बहुधा माझ्याच दोन खुणा राहिल्या असतील, चहा आला तेव्हा. पण संध्याकाळचा कागद माझ्याकडे नव्हता, म्हणून ठामपणे बोलता येईना. उमेदवार हजारोंनी पडला होता, दोन मतांचं कुणाला काय? मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हा जीपवाल्याला सकाळीच सांगून ठेवा, सतरा-सी हातात पडल्याशिवाय मी बाहेर येणार नाही. प्रतीवरचे आकडे आणि सीलचा नंबर आपल्या सकाळच्या कागदाशी ताडून बघा. मग तिची झेरॉक्स काढा, मूळ प्रत उमेदवाराच्या ऑफिसात द्या आणि देताना पोच घ्या.